दोन वाकड्या पिना

आमच्या दुकानात नव्या मदरबोर्डाचं खोकं उघडलं की पहिलं काम फोटो काढायचं. प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकोनी सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण उचलायचं, वरचा दिवा खाली ओढायचा, भिंग धरायचं आणि आतल्या पिनांचा जवळून फोटो घ्यायचा. मग भिंग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. “बघा, सगळ्या सरळ आहेत ना?” त्याने हो म्हटल्यावरच प्रोसेसरला हात लावायचा. अलिबागेत हे दुसरं कोणी करत नाही. गिऱ्हाइकांना याचं फार कौतुक. एक निवृत्त मुख्याध्यापक तर दुकानात चार माणसं उभी असताना म्हणाले, “या माणसाचा व्यवहार काचेसारखा.” मी मान खाली घालून स्क्रू शोधत राहिलो. त्यांना तो विनय वाटला.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी याच सवयीबद्दल लिहा म्हणून सांगितलं, बरोबर दुकानातल्या गमतीही येऊ द्या म्हणाले. गमती आहेत, सांगतो. पण सवय कुठून आली हे मी सहा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. यंदा एकीला सांगावं लागलं, म्हणून आता तुम्हालाही सांगता येईल.

आधी मदरबोर्ड म्हणजे काय, ते. आपल्याकडच्या माणसाला मी न्हावा शेव्याचं बंदर डोळ्यांपुढे आणायला सांगतो. बंदर स्वतः काही पिकवत नाही की बनवत नाही. जहाज लागतं, माल उतरतो, ट्रक भरतात, रेल्वे निघते. बंदराचं काम फक्त सगळ्यांना एकमेकांशी जोडून द्यायचं. मदरबोर्ड तसाच. हिशोब करणारा प्रोसेसर वेगळा, काम चालू असताना लागणारं सामान हाताशी ठेवणारी मेमरी वेगळी, चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड वेगळं, साठवणीच्या डिस्क वेगळ्या. हे सगळे एका पाटीवर येऊन उभे राहतात आणि पाटीवरच्या केसाएवढ्या बारीक तांब्याच्या रेघांवरून त्यांची ये-जा चालते. स्वस्त बोर्डात धक्के कमी आणि रस्ते अरुंद. भारी बोर्डात मेमरीच्या चार जागा, वेगवान डिस्कच्या तीन, ग्राफिक्स कार्डाला सोळा पदरी रस्ता, मागच्या बाजूला यूएसबीची रांग, नेटवर्कच्या दोन वाटा. शिवाय एका कोपऱ्यात दोन आकडे दाखवणारा इवलासा लाल डिस्प्ले. कुठे अडलं की बोर्ड तिथे आकडा दाखवतो, आपण पुस्तिकेत अर्थ बघायचा. काय बिघडलंय ते बोर्ड स्वतः सांगतो. कोणी बिघडवलंय ते मात्र सांगत नाही.

आता गमती. किहीमला एका साहेबांनी बंगल्यात नातवासाठी उत्तम मशीन घेतलं. महिन्याने फोन. “तुम्ही ग्राफिक्स कार्ड खोटं दिलंत. खेळ अडखळतो.” गेलो, मागे वाकून पाहिलं. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या स्वतःच्या भोकात घातलेली. काढली, चार बोटं खाली कार्डाला लावली. चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं. साहेब म्हणाले, “मग महिनाभर कार्ड काय करत होतं?”

“सुट्टीवर होतं, साहेब. समुद्र बघायला आलं होतं.”

नागावचा एक लग्नाचे फोटो काढणारा एकदा धापा टाकत आला. “भाऊ, नवी डिस्क आणून घातली तर जुन्या दोघी रुसून माहेरी गेल्या ना ओ! दिसतच न्हाय!” त्याच्या बोर्डाची पुस्तिका काढली आणि एका तक्त्याखालची मुंगीएवढी ओळ दाखवली. वेगवान डिस्कची तिसरी जागा वापरलीत तर जुन्या पद्धतीच्या डिस्कचे दोन जोड बंद होतात, कारण दोघांचा रस्ता एकच. “ह्या वळी कोन वाचतो?” तो म्हणाला. मी वाचतो. नवी डिस्क दुसऱ्या जागेवर नेली आणि जुन्या दोघी सगळ्या नवरा-नवरींसकट परत आल्या.

दोन्ही वेळी चूक गिऱ्हाइकाची होती आणि दोन्ही वेळी मी ती हसत, हळू आवाजात सांगितली. या धंद्यात दोष कोणाचा हे ठरवणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे दुरुस्त करणारा. समोरच्याला आतलं काही कळत नाही. तो आपल्या तोंडाकडे बघत उभा असतो. डॉक्टरकडे निदान दुसरं मत घेता येतं.

रुबिना पहिल्यांदा दुकानात आली ती हातात यादी घेऊन. रेवदंड्याकडची मुलगी, पनवेलला इंटिरियर डिझाइन शिकत होती. वडील याकूबभाई बावीस वर्षं दुबईला गोदामात काढून कायमचे परत आलेले. लेकीला हवं ते मशीन घेऊन द्यायचं असं त्यांनी तिथूनच कबूल केलं होतं. आपल्या किनाऱ्यावर बागांमधून कॉटेजेस उठत होती. मालकांना घर बांधायच्या आधी ते पडद्यावर फिरून बघायचं असे, आणि रुबिनाला ते दाखवता येत होतं. कॉलेजात असतानाच तिला दोन कामं मिळाली होती.

मी माझ्या सवयीने मधल्या दर्जाचा बोर्ड पुढे केला.

“नको काका, यात मेमरीच्या दोनच जागा. मला आता दोन पट्ट्या घ्यायच्यात, पुढे अजून दोन लावीन. आणि याच्या रस्त्यांचं बघा ना, दुसरी डिस्क लावली की हा कार्डाचा रस्ता निम्मा करतो.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“पुस्तिका वाचली. पान सतरा.”

याकूबभाई खुर्चीत बसून हसत होते. “विलासभाऊ, घरी पण असंच आहे. मिक्सर आणला तर त्याची पण पुस्तिका वाचते. आईला म्हणते, जार उलटा लावतेस.”

तीस वर्षांत पुस्तिका वाचणारं गिऱ्हाईक मला ते पहिलं भेटलं. मशीन बांधताना ती माझ्या शेजारी उभी होती. मी प्रोसेसर ठेवताना तिने श्वास रोखून धरला होता. तो क्षण तसाच असतो. सॉकेटमध्ये हजाराच्या वर पिना, केसाएवढ्या, सगळ्या एकाच दिशेने कललेल्या, वाऱ्यावर गवत झुकावं तशा. प्रोसेसर त्यांच्यावर सरळ वरून ठेवायचा. ढकलायचा नाही, सरकवायचा नाही. एक कोपरा जरी आपटला तरी पिन वाकते आणि त्या पिनेवरून जे काम चालायचं ते बंद.

दोन महिन्यांनी तिने मेमरीच्या आणखी दोन पट्ट्या मागवल्या आणि घरी स्वतः लावल्या. मला फोन करून सांगितलं. “काका, चारही दिसल्या!” माझ्याच मुलीने दहावीचा निकाल सांगावा तसा आवाज होता.

त्यानंतर उन्हाळ्यात मशीन तापायला लागलं म्हणून बाप-लेक मशीनचा डबा, म्हणजे कॅबिनेट, घेऊन आली. किरकोळ काम. प्रोसेसरवर राखाडी पेस्ट असते, ती त्याची उष्णता वरच्या कूलरला पोचवते. ती पुसून नवी लावायची. “तासाभरात या,” मी म्हटलं. ती दोघं बाजारात गेली.

कूलर काढला. पेस्ट कडेने ओघळली होती, म्हणून पुसायला प्रोसेसर उचलून घेतला. खरं तर गरज नव्हती, जागच्या जागी पुसता आली असती. पुसून परत ठेवताना लाईट गेली. पंखा थांबला, अंधारून आलं. मी थांबायला हवं होतं. पण तीस वर्षांचा हात होता. म्हटलं, डोळे मिटूनही बसवीन. बोटाला पेस्ट लागलेली. प्रोसेसर निसटला आणि एका कोपऱ्यावर पडला. टिक असा आवाज झाला. नखावर नख वाजावं एवढाच.

लाईट आल्यावर मशीन चालू केलं. चारांतल्या दोनच पट्ट्या दिसल्या. भिंग लावलं. डाव्या कडेला दोन पिना आडव्या झोपल्या होत्या.

तेव्हा ते दुरुस्त होण्यासारखं होतं. शिसं काढलेल्या क्लचपेन्सिलीचं टोक पिनेवर चढवून हलकेच उभी करायची. मी हे आधीही केलेलं होतं, अर्ध्या तासाचं काम. मी पेन्सिल शोधायला खण उघडला आणि तेवढ्यात दारात रुबिना. मागे याकूबभाई, हातात कलिंगड. “झालं काका?”

तिला ‘अर्धा तास थांब, माझ्या हातून पडलं’ एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडातून निघालं ते असं:

“रुबिना, मेमरी तूच लावलीस ना?”

मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललोच नाही, मी फक्त प्रश्न विचारला. पण त्या प्रश्नात सगळं होतं. याकूबभाई कलिंगड खाली ठेवून म्हणाले, “का, काय झालं?”

“सॉकेटमध्ये पिना वाकल्यात.”

“पण काका, सॉकेट तर कूलरच्या खाली असतं,” रुबिना म्हणाली. “मी तिथे हात नाही लावला.”

“कूलर अजिबात हलवला नव्हतास?”

 ती खरं बोलली, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. “पहिल्या पट्टीला जागा नव्हती, म्हणून कूलरचा पंखा थोडा वर सरकवला होता.”

“बघ,” मी म्हटलं.

तो पंखा नुसता दोन तारांवर अडकवलेला असतो. तो सरकवल्याने खाली बंदिस्त सॉकेटमधली पिन वाकणं शक्य नाही. शिवाय महिनाभर तिला चारही पट्ट्या दिसत होत्या, तिने मला फोन करून सांगितलं होतं. या धंद्यातलं कोणीही हे ऐकून हसलं असतं. पण तिथे धंद्यातला मी एकटाच होतो. मी भिंग याकूबभाईंच्या हातात दिलं आणि सुईच्या टोकाने जागा दाखवली. म्हणजे ज्या पिना मला सरळ करता आल्या असत्या, त्या आता मला वाकड्याच हव्या होत्या. पुरावा म्हणून.

याकूबभाई बराच वेळ बघत राहिले. मग लेकीला म्हणाले, ओरडून नव्हे, ओरडले असते तर बरं झालं असतं, “बेटा, येत नाही त्यात हात का घालायचा? विलासभाऊ काय मेले होते?”

कशाला घाबरलो होतो मी? बोर्डाच्या किमतीला नव्हे. ती सोसली असती. नावाला घाबरलो. इकडच्या पट्ट्यात अशी मशीनं बांधणारा मी एकच आणि ‘विलासचा हात’ असं लोक म्हणायचे. त्या दोन शब्दांसाठी मी एका मुलीचा हात काढून घेतला.

त्यांना साधा बोर्ड बसवून दिला. निघताना याकूबभाई म्हणाले, “भाऊ, ते सील असतं ना तुमचं, कागदाचं? ते लावा याला. परत कोणी उघडायला नको.” दुकानाचं नाव छापलेलं, उघडलं की फाटणारं सील. कॅबिनेटच्या दाराच्या फटीवर ते मी माझ्या अंगठ्याने दाबून चिकटवलं. रुबिना रस्त्याकडे बघत होती. जुना बोर्ड याकूबभाईंनी नेला नाही. साध्या बोर्डाला मेमरीच्या दोनच जागा, म्हणून उरलेल्या दोन पट्ट्यांसकट मी तो खोक्यात घालून वरच्या फळीवर ठेवला. त्याचा एकही भाग कधी काढला नाही. पुढच्याच आठवड्यापासून फोटोची सवय लागली.

लोकांना वाटतं तो फोटो गिऱ्हाइकासाठी असतो. तो माझ्या फोनमध्ये असायचा. सरळ पिनांचा फोटो, माझ्याकडे. पुढे काही वाकलं तर मी मोकळा. काचेसारखा व्यवहार!

रुबिना नंतरही यायची, पण ती वेगळीच रुबिना. माउस बदलायचा तरी घेऊन यायची. एकदा नवा प्रिंटर घेतला, त्याची केबल हातात धरून म्हणाली, “काका, ही मागच्या कुठल्याही भोकात चालते ना? मी लावली तर चालेल?” ज्या मुलीने मला पान सतरा दाखवलं होतं, ती. मी म्हटलं, “चालेल की.” तिने तरी लावली नाही. कॅबिनेट रिक्षात घालून आणलं आणि माझ्याकडून लावून घेतली. साध्या बोर्डावर तिची मोठी चित्रं अडकायची. हळूहळू कॉटेजवाले दुसरीकडे गेले. ती एका क्लासमध्ये मुलांना संगणकावर नकाशे काढायला शिकवायला लागली. मुलं म्हणायची, टीचर, मशीन उघडून दाखवा. ती दुसऱ्या सरांना बोलवायची. हे मला तिनेच हसत सांगितलं होतं. दरवेळी वाटायचं, आज सांगू. दरवेळी दुकानात कोणीतरी असायचं. कोणी नसलं तरी मला कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

यंदा गणपतीच्या आधी ती कॅबिनेट घेऊन आली. काउंटरवर ठेवलं. “काका, हे कोणाला तरी देऊन टाका. घरात नको आता.”

“का गं?”

“नुसतं पडून आहे. माझा हात नाही यात.”

मी कॅबिनेट वळवलं. दाराच्या फटीवर माझं सील जसंच्या तसं. नाव उडून गेलं होतं, कागद चहासारखा पिवळा पडला होता, पण कुठे एक टवका नाही. सहा वर्षं त्या मुलीने धूळ पुसायलासुद्धा ते उघडलं नव्हतं.

मी खुर्चीत बसलो. म्हटलं, “रुबिना, त्या पिना माझ्या हातून वाकल्या. लाईट गेली होती, प्रोसेसर पडला. तू काही केलं नव्हतंस.”

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती सीलकडे बघत होती. त्यावर बोट फिरवत म्हणाली, “काका, सहा वर्षं मी तो पंखा मनातल्या मनात सरकवून बघतेय. हात कुठे घसरला असेल म्हणून. मला तर आठवायला पण लागलं होतं. घसरला होता असं.”

मी कॅबिनेट परत तिच्याकडे वळवलं. 

“बोर्ड आहे?” तिने विचारलं.

मी फळीवरून खोकं काढलं. काउंटरच्या आत येऊन तिने सॉकेट उघडलं, भिंग धरलं. त्या दोन पिना तशाच झोपलेल्या. मी सवयीने क्लचपेन्सिल काढली आणि पुढे वाकलो.

“तुम्ही नको,” ती म्हणाली. “दिवा धरा.”

मी दिवा धरला.  तिने मनगट टेबलावर टेकवलं, तीन-चार वेळा श्वास घेतला. पहिली पिन उभी झाली. दुसरी अर्ध्यावर येऊन थांबली. मी “जरा डावीकडे” म्हणालो, तर ती न बघता म्हणाली, “पुस्तिकेत लिहिलंय का तसं?”  दुसरी पिनही उभी झाली.

मग कॅबिनेटचं सील तिने स्वतः नखाने फाडलं. आतून प्रोसेसर काढला, पेस्ट पुसली, जुन्या बोर्डावर सरळ वरून ठेवला. मेमरीच्या चार पट्ट्या लावल्या. प्रत्येकीचा खट असा आवाज आला. कूलर बसवला, पंखा दोन तारांवर अडकवला. त्याच्यावर बोट ठेवून क्षणभर थांबली. बटण दाबलं. कोपऱ्यातले लाल आकडे भराभर बदलत गेले, थांबले, आणि पडद्यावर यादी आली. तिने मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार. हसली नाही. फोन लावून माझ्यासमोर धरला.

“अब्बा आहेत. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा.”

“हां विलासभाऊ, सलाम,” याकूबभाई म्हणाले. मी सांगितलं. सगळं, लाईटसकट, पेन्सिलीसकट. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. शेवटी ते म्हणाले, “भाऊ, भिंग तुम्ही माझ्या हातात दिलं होतंत.”

“हो.”

“तिला फोन द्या.”

ती फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर गेली. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. पाठमोरी होती. एकदा डोक्यावरची ओढणी नीट केली, एकदा “नाही अब्बा, तुम्ही कशाला,” एवढं ऐकू आलं. आत आली, नवा-जुना सगळा पसारा तिने स्वतः भरला, रिक्षा बोलावली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

हा लेख लिहिण्याआधी तिला फोन केला. म्हणाली, “माझं नाव बदला, अब्बांचं बदला. तुमचं बदलू नका.” तसं केलं आहे.

फोटो अजून काढतो. पण आता गिऱ्हाइकाच्या फोनवर काढतो, माझ्या नाही.

मागच्या आठवड्यात रुबिना वेगवान डिस्क घ्यायला आली होती. चौलच्या एका बागेतल्या तीन कॉटेजेसचं काम मिळालंय म्हणाली, जागा कमी पडते. मी डिस्क काढली आणि तोंडातून जुन्या सवयीने निघून गेलं, “मशीन आणलंयस? लावून देतो.”

“नको,” ती म्हणाली. “पिशवीत घाला.”